बारा देशांची खतावणी



मागच्या वर्षी आमच्या वस्तीतल्या विहार समितीच्या बैठकीत एक साधा विषय आला. विहाराला लागून एक अभ्यासिका आहे. तिच्यात दोन कपाटे. एकात स्पर्धा परीक्षांची पुस्तके आणि दुसऱ्यात कथा, कादंबऱ्या, चरित्रे असा जुना साठा. पहिले कपाट अपुरे पडू लागले होते. पोलीस भरती आणि तलाठी भरतीची पुस्तके सतरंजीवर रचून ठेवावी लागत. तेव्हा दुसरे कपाट रिकामे करावे, बाबासाहेबांचे आणि धम्माचे ग्रंथ तेवढे वेगळे काढावेत व बाकीचे रद्दीत द्यावे, असा प्रस्ताव होता.

आम्ही बी.कॉम. झालेलो आणि पोटापाण्यासाठी कचेरीत कारकून. त्यामुळे समितीचा हिशेब साहजिकच आमच्या गळ्यात पडलेला. एक तरुण सभासद म्हणाला, "भाऊ, तुम्हीच वही काढून सांगा. वर्षभरात त्या कपाटातून किती पुस्तके घरी गेली?"

देवघेवीची वही उघडली. अकरा महिन्यांत तीन नोंदी. त्यांतल्या दोन आमच्याच नावावर.

मुलाचे काही चुकले नव्हते. आमच्या गोंदिया जिल्ह्यात धानाचे एक पीक, थोड्या राईस मिला आणि परीक्षा पास झाली तर नोकरी, एवढेच आमच्या पोरांपुढे आहे. त्यांना जागा हवी होती. तरीही ती पुस्तके रद्दीवाल्याच्या काट्यावर चढलेली आम्हांला बघवली नसती. आम्ही एक वर्षाची मुदत मागितली. "एका वर्षात या कपाटाच्या नोंदी वाढल्या नाहीत, तर आम्ही स्वतः हातगाडी घेऊन येऊ," असे सांगितले. ठराव लिहिला गेला, सह्या झाल्या. घरी येताना मात्र मनात धास्ती बसली. लोकांना वाचा म्हणून लोक वाचत नसतात. आपणच काहीतरी करून दाखवावे लागते.

एकशे शहाण्णव देश

लंडनच्या ॲन मॉर्गन या बाईंची हकीकत आम्ही पूर्वी वाचली होती. २०१२ साली त्यांनी एका वर्षात जगातल्या प्रत्येक देशाचे एकेक पुस्तक वाचायचे ठरवले. संयुक्त राष्ट्रसंघाचे सभासद देश १९३. त्यांत व्हॅटिकन, पॅलेस्टाईन आणि तैवान धरून त्यांनी १९६ चा आकडा काढला. साओ तोमे आणि प्रिन्सिपे या आफ्रिकेजवळच्या लहानशा बेटांच्या देशाचे एकही पुस्तक त्यांना इंग्रजीत मिळेना. तेव्हा ठिकठिकाणच्या लोकांनी पोर्तुगीज भाषेतले एक पुस्तक आपसांत वाटून घेतले आणि त्यांच्यासाठी फुकट भाषांतर करून दिले. एका बाईचे वाचन पुरे व्हावे म्हणून अनोळखी माणसांनी एवढे कष्ट घ्यावेत, ही गोष्ट आमच्या मनात घर करून राहिली होती.

आम्ही पेन्सिल घेऊन बसलो. महिन्याला एक पुस्तक धरले तर १९३ देशांना सोळा वर्षे लागतात. आमचे वय सेहेचाळीस. म्हणजे अठ्ठावन्नला निवृत्त होऊन वर चार वर्षे गेली तरी यादी चालूच राहणार. तेव्हा बेत अंथरूण पाहून केला. वर्ष एक, देश बारा, पुस्तके बारा. कचेरीतून येताना एक लांब वही विकत घेतली आणि तिला खतावणीसारखे रकाने पाडले. देश, पुस्तक, लिहिणारा कोठला, मूळ भाषा, मराठीत आणणारा, कोठून मिळाले, किंमत, आणि शेवटी वाचणाऱ्याची सही.

पाहुण्यांची पुस्तके

पहिली यादी एका रविवारी तासाभरात झाली. आम्ही खुशीत ती मुलीला दाखवली. मुलगी बारावीत आहे. तिने वरून खाली बोट फिरवले आणि म्हणाली, "बाबा, ही तर सगळी पाहुण्यांची पुस्तके आहेत. घरच्यांची कुठे आहेत?"

पुन्हा पाहिले तो तिचे खरे होते. चीन म्हणून आम्ही जे लिहिले होते ते 'द गुड अर्थ', म्हणजे पर्ल बक या अमेरिकन बाईंचे, १९३१ सालचे. उरुग्वे म्हणून लिहिले होते 'सत्तर दिवस'. अँडीज पर्वतात १९७२ साली कोसळलेल्या विमानातल्या तरुणांची ती थरारक हकीकत रवींद्र गुर्जरांनी मराठीत आणली. परंतु मूळ लिहिणारा पिअर्स पॉल रीड हा इंग्रज. आणि एका ओळीवर तर आम्ही नुसते 'आफ्रिका' असे लिहून पुढे एका गोऱ्या शिकाऱ्याचे पुस्तक टाकले होते. आफ्रिका हा काही एक देश नव्हे, पन्नासांहून जास्त देशांचे ते खंड आहे, एवढेही पदवीधर कारकुनाच्या ध्यानात आले नाही.

ही पुस्तके वाईट आहेत असे आम्हांला म्हणायचे नाही. पण आपल्या समाजातल्या माणसाला हा फरक चटकन कळायला हवा होता. आपल्याविषयी शेकडो वर्षे दुसऱ्यांनीच लिहिले. कोणी किळस करून, कोणी दया दाखवून. १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले, १९८६ साली बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने आले, तेव्हा घरचा माणूस बोलू लागला म्हणजे काय होते ते महाराष्ट्राला कळले. जो न्याय आपण आपल्यासाठी मागतो, तो दुसऱ्या देशाला लावायचे आम्ही विसरलो होतो.

यादी फाडली. वहीत एक रकाना वाढवला, 'घरचे की पाहुण्याचे'. आणि चार नियम केले. पहिला, लिहिणारा शक्यतो त्याच मातीतला असावा. दुसरा, पुस्तक मराठीत असेल तर उत्तम, नसेल तर हिंदीत, आणि अगदीच नसेल तर सोप्या इंग्रजीत. तिसरा, पुस्तक कपाटातले किंवा ग्रंथालयातले असावे, विकत घ्यायचे तर दोनशे रुपयांच्या वर जाऊ नये. चौथा नियम आमच्या पत्नीने घातला. त्या अंगणवाडी सेविका आहेत. त्या म्हणाल्या, "जे मोठ्याने वाचले तर आईंना समजेल, असेच पुस्तक घ्या. नाहीतर तुम्ही एकटेच वाचाल आणि वहीत पुन्हा तुमचीच सही राहील."

गुरुजींचा आक्षेप

समितीत एक निवृत्त गुरुजी आहेत. वस्तीतल्या दोन पिढ्या त्यांच्या हाताखाली शिकल्या. ते म्हणाले, "भाऊ, बाबासाहेबांचे खंड झाले का वाचून? आधी घरचे धान्य संपवा, मग परदेशचे आणा."

गुरुजींपुढे आवाज चढवण्याची आमची छाती नाही. आम्ही म्हणालो, "गुरुजी, खंड सगळे झाले नाहीत. पण जेवढे झाले, त्यांनीच ही खोड लावली."

आणि ते खरेच आहे. महात्मा फुल्यांनी तरुणपणी थॉमस पेन वाचला. १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली तेव्हा ती त्यांनी अमेरिकेत गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. पुण्यात बसून त्यांना समुद्रापलीकडच्या गुलामाचे दुःख आपले वाटले. मॅट्रिक झालेल्या भीमरावांच्या हातात केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र ठेवले, ते १९०७ साल. १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले आणि पोटाला चिमटा घेऊन त्यांनी पुस्तके जमवली. १९१७ साली मायदेशी परतताना ती दुसऱ्या जहाजाने पाठवली, आणि महायुद्धात ते जहाज पाणतीराने बुडाले. पुस्तके गेली, पुस्तकांची ओढ गेली नाही. दादरच्या हिंदू कॉलनीतले 'राजगृह' त्यांनी बांधले ते मुख्यतः ग्रंथांना घर मिळावे म्हणून. आणि १९४६ साली त्यांनी अमेरिकेतले निग्रो विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिले. निग्रो लोकांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे आपली फिर्याद नेली होती, तिच्या प्रती त्यांना हव्या होत्या. दुसऱ्या देशातले पुस्तक उघडले की आपल्या दुःखाचे सोबती सापडतात, हे त्यांना ठाऊक होते.

गुरुजी थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बरे. पण अमेरिकेच्या नावावर काय घेणार?"

आम्ही 'अंकल टॉम्स केबिन'चे नाव घेतले. गुलामगिरीविरुद्ध अमेरिकेला जागे करणारे ते पुस्तक, साल १८५२. गुरुजींनी मान हलवली. "ते एका गोऱ्या बाईचे. तुमच्याच नियमात बसत नाही."

तेव्हा अमेरिकेच्या ओळीवर फ्रेडरिक डग्लस यांचे आत्मचरित्र आले. ते १८४५ सालचे. डग्लस मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मले. बाल्टिमोरला मालकिणीने त्यांना मुळाक्षरे दाखवली, तर मालकाने ते बंद पाडले. शिकलेला गुलाम हाताशी राहत नाही, हे त्याला पक्के माहीत होते. मग हा पोरगा रस्त्यावरच्या गोऱ्या मुलांना भाकरतुकडा द्यायचा आणि बदल्यात त्यांच्याकडून अक्षरे शिकायचा. पुढे पळून जाऊन स्वतंत्र झाल्यावर त्यांनी आपली कहाणी लिहिली, तर गुलाम इतके चांगले लिहील यावर लोकांचा विश्वास बसेना. पुस्तकाच्या आरंभी दोन गोऱ्या गृहस्थांची साक्ष छापावी लागली. पुस्तक लहान आहे, इंग्रजी जुने पण सरळ आहे. नागपूरला सीताबर्डीच्या फुटपाथवर ते आम्हांला साठ रुपयांना मिळाले.

घरकुल, मुक्काम नॉर्वे

आमची पद्धत अशी ठरली. दर रविवारी सायंकाळी वंदना झाली की जे थांबतील त्यांच्यासाठी अर्धा तास मोठ्याने वाचायचे. मराठी पुस्तक मुलगी वाचे. इंग्रजी असले तर आम्ही आठवडाभर डिक्शनरी घेऊन बसायचे आणि रविवारी ते मराठीत सांगायचे.

पहिला महिना जपानचा. तेत्सुको कुरोयानागी यांचे 'तोत्तोचान' आपल्याकडे नॅशनल बुक ट्रस्टने मराठीत आणले आहे. एका शाळेने काढून टाकलेली खोडकर मुलगी आणि रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरणारी दुसरी शाळा. गोंदियाच्या पोरांचे अर्धे खेळ गाड्या मोजण्याचे, त्यामुळे डब्यातली शाळा ऐकून ती पुढे सरकून बसली. ते मुख्याध्यापक पहिल्या दिवशी त्या मुलीचे बोलणे चार तास ऐकून घेतात. ही शाळा १९४५ साली बॉम्बहल्ल्यात जळाली. आमच्या पत्नी त्या रात्री एवढेच म्हणाल्या, "अंगणवाडीत नव्या पोराचे बोलणे मी चार मिनिटे तरी ऐकते का?"

नॉर्वेच्या वेळी गंमत झाली. इब्सेन यांच्या १८७९ सालच्या नाटकाचे अनंत काणेकरांनी 'घरकुल' या नावाने मराठी रूपांतर केले आहे. फळ्यावर आम्ही लिहिले, 'या रविवारी : घरकुल, नॉर्वे'. रविवारी नेहमीपेक्षा दुप्पट माणसे आली. चार जणांच्या हातांत आधार कार्डाच्या झेरॉक्स होत्या! घरकुलाची नवी यादी लागली असे त्यांना वाटले होते. आम्हांला ओशाळल्यासारखे झाले. पण आलेल्या बायांपैकी तिघी-चौघी थांबल्या. नवऱ्याने बाहुलीसारखे वागवले म्हणून घराबाहेर पडणारी ती बाई त्यांनी ऐकून घेतली. त्यांतली एक उठताना म्हणाली, "घर तिच्या नावावर नव्हतं ना जी, मग निघाली तं काय चुकलं?" इतकी मुद्द्याची समीक्षा आम्ही कोठे वाचली नाही.

देशापेक्षा वडील असलेले पुस्तक

ज्या पुस्तकाने विहारात खरी शांतता पसरली ते नायजेरियाचे. चिनुआ अचेबे यांचे 'थिंग्ज फॉल अपार्ट' १९५८ साली निघाले आणि नायजेरिया स्वतंत्र झाला १९६० साली, म्हणजे पुस्तक देशापेक्षा दोन वर्षांनी वडील. गोऱ्या लेखकांनी आफ्रिकेचे जे चित्र काढले त्याने चिडून अचेबे लिहू लागले.

त्यात इग्बो लोकांचे एक गाव आहे. त्या गावात 'ओसू' नावाचे लोक असतात. देवाला वाहिलेले म्हणून गावाने वेगळे टाकलेले. त्यांनी वेगळ्या जागी राहायचे, केस कापायचे नाहीत, सभेत बसायचे नाही, गावातल्या कोणाशी लग्न करायचे नाही. ख्रिस्ती पाद्री येतात तेव्हा त्यांच्या प्रार्थनाघरात हे ओसू येऊन बसतात. आधी बाटलेलेच लोक कुरकुरतात. यांना आत कसे घ्यायचे? तेथला धर्मोपदेशक ठाम राहतो आणि ओसूंना सांगतो की केस उतरवा. ते भीत भीत उतरवतात. आणि काही वाईट होत नाही.

एवढे सांगून आम्ही थांबलो, तर कोणी उठेना. शेवटी गुरुजी म्हणाले, "हे तिकडेही होते?" एवढेच. धर्मांतराच्या त्या दिवसांची त्यांना आठवण झाली असावी. १९५६ साली ते आईच्या कडेवर होते.

या कादंबरीचा शेवट आम्हा कारकुनांनी तरी विसरू नये असा आहे. नायक गळफास घेतो. तेथे आलेला इंग्रज जिल्हाधिकारी मनात ठरवतो की आपण जे पुस्तक लिहिणार आहोत त्यात या माणसावर एक परिच्छेद खर्च करू. घरच्या माणसाने ज्याच्यावर सगळे पुस्तक लिहिले, त्याला पाहुण्याच्या दप्तरात एक परिच्छेद. आमच्या टेबलावरून रोज माणसांचे अर्ज जातात. त्यांच्यावर आम्ही एका ओळीचा शेरा मारतो. त्या सोमवारी आम्ही प्रत्येक अर्ज शेवटपर्यंत वाचला, हे प्रामाणिकपणे सांगतो. मंगळवारचे सांगत नाही.

बिड्यांचे अंगण आणि क्यूबा

आता आमचा नियम मोडला कसा, ते सांगायचे आहे.

आमच्या लहानपणी आई बिड्या वळत असे. आमच्या भागात तेंदूपत्ता आणि बिडी यांवर कितीतरी घरे चालत. आता ते काम पुष्कळ कमी झाले आहे. दुपारी आमच्या अंगणात पाच-सहा बाया मांडीवर सूप घेऊन बसत. हाताला क्षणाची फुरसत नाही, कान मात्र मोकळे. तेव्हा आई आम्हांला म्हणे, "बाबू, पेपर वाच." आम्ही चौथी-पाचवीत असू. बातम्या, जाहिराती, निधनवार्ता, सगळे मोठ्याने वाचून दाखवायचे. वाचनाची सवय आम्हांला लागली ती तेथे.

पुढे कळले की हीच रीत क्यूबात दीडशेहून अधिक वर्षे आहे. हवानाच्या सिगार कारखान्यांत १८६५ पासून कामगारांनी वाचणारा ठेवला. तो उंच जागी बसून वाचायचा आणि कामगार हात चालवत ऐकायचे. त्याचा पगार कामगार आपल्या खिशातून द्यायचे. सरकारने लगेच दुसऱ्या वर्षी बंदी घातली, कारण ऐकणारा कामगार प्रश्न विचारू लागतो. तरी रीत टिकली. कामगारांना एक फ्रेंच कादंबरी इतकी आवडली की 'माँटेक्रिस्टो' हे तिचे नाव पुढे एका सिगारला मिळाले. हे वाचल्यावर क्यूबा यादीत घ्यायचाच, असे ठरले.

पण कपाटात निघाले ते पु. ल. देशपांडे यांचे 'एका कोळियाने'. मूळ पुस्तक १९५२ सालचे, अर्नेस्ट हेमिंग्वे यांचे. कोळी क्यूबाचा, समुद्र क्यूबाचा, लिहिणारा अमेरिकन. पाहुणाच! मुलगी म्हणाली, "नियम म्हणजे नियम. हे चालणार नाही." आई म्हणाली, "वाचून तं पाहा."

त्या रविवारी वस्तीतले ढिवर समाजाचे एक काका आले होते. सारा जन्म मामा तलावात जाळे टाकण्यात गेला. मुलगी वाचू लागली. चौऱ्याऐंशी दिवस एकही मासा न मिळालेला म्हातारा, त्याचा गळ, त्याच्या हाताला पडलेले काचे, त्याने धरलेला अजस्र मासा आणि परत येताना तो मासा खाऊन टाकणारे शार्क. काका मधूनमधून मान हलवत होते. चार रविवार ते चुकले नाहीत. पुस्तक संपल्यावर आम्ही मुद्दाम विचारले, "काका, हा लिहिणारा कोळी नव्हता. दुसऱ्या देशातून येऊन राहिलेला माणूस. याचं पुस्तक क्यूबाच्या नावावर लिहावं का?"

काका म्हणाले, "कोळी नसन जी. पन कोळ्याजवळ बसला हाये तो. दोरीनं हात कसा कापते, ते नुसतं आयकून लिवता येत नाही. लय दिवस बसला असन."

आणि ते बरोबर होते. हेमिंग्वे हवानाजवळ वीस वर्षांहून अधिक काळ राहिले, कोळ्यांबरोबर समुद्रात जात होते.

आम्ही वहीत पाहिले. घरचे, पाहुण्याचे, एवढ्या दोनच खुणा होत्या. मुलीने पेन घेतले आणि तिसरी खूण केली, 'जवळ बसलेल्याचे'.

तेव्हापासून आम्ही पुस्तक निवडताना हा प्रश्न विचारतो. लिहिणारा घरचा असेल तर त्याचा मान पहिला, यात तडजोड नाही. पण नसेल, तर तो किती दिवस जवळ बसला? आमचे स्वतःचे उदाहरण घ्या. बेबीताईंनी फलटणला दुकानात बसून वर्षानुवर्षे घरच्यांपासून लपवून लिहिले. ते कागद जगापुढे यावेत म्हणून ज्यांनी धडपड केली त्या मॅक्सीन बर्नसन मूळच्या अमेरिकेच्या. आपल्या नागपूरचे वसंत मून यांनी बाबासाहेबांचे खंड संपादित केले आणि 'वस्ती' लिहिली. ती 'वस्ती' इंग्रजीत नेली गेल ऑम्व्हेट यांनी. त्याही अमेरिकेत जन्मलेल्या आणि कासेगावच्या होऊन राहिलेल्या. आज परदेशातला एखादा वाचक भारताच्या ओळीवर आमच्या विदर्भाची 'वस्ती' लिहू शकतो, तो अशा जवळ बसलेल्या माणसांमुळे.

वर्षअखेरची बाकी

वर्ष संपले. बारापैकी सात देश झाले, पाच राहिले. सर्वांत लाज वाटते ती ही की राहिलेल्यांत नेपाळ, म्यानमार आणि श्रीलंका आहेत. लुंबिनी नेपाळात. बाबासाहेब १९५० साली सिलोनला, १९५४ साली रंगूनला आणि १९५६ साली काठमांडूला जाऊन आले. आणि आमच्या कपाटात नॉर्वे आहे, नेपाळ नाही! शेजारचे पुस्तक सर्वांत दूर, हा आमच्या भाषांतरांचा मोठा तोटा आहे. येत्या वर्षाचे काम तेच.

वार्षिक बैठकीत देवघेवीची वही पुन्हा उघडली. जुन्या कपाटाच्या नोंदी एकेचाळीस. आमच्या नावावर नऊ. बाकी बत्तीस दुसऱ्यांच्या. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या एका मुलाने 'एका कोळियाने' दोनदा नेले. ठराव असा झाला की कपाट राहील, मात्र त्याचे खालचे दोन कप्पे परीक्षेच्या पुस्तकांना द्यावेत. आम्ही सही केली. तडजोड वाजवी होती.

ज्या बांधवांना आपल्या वस्तीत असे करायचे असेल त्यांना दोन शब्द. बारा देश धरू नका, चार धरा. आधी आपले कपाट आणि तालुक्याचे ग्रंथालय पाहा. १९६७ च्या कायद्याने गावोगावच्या ग्रंथालयांना अनुदान मिळते, तेथे आपण बसले पाहिजे. आमच्या जिल्ह्यातल्या नवेगावबांधची तर भिलारच्या धर्तीवर पुस्तकांचे गाव म्हणून निवड झाली आहे. पक्षी पाहायला जाता तेव्हा पुस्तकेही पाहून या. दीक्षाभूमीच्या स्टॉलवर एक पुस्तक बाबासाहेबांचे घेतले की दुसरे परक्या देशातल्या पिचलेल्या माणसाचे शोधा. आणि एकटे वाचू नका. घरात जिला वाचता येत नाही, तिला आधी विचारा.

आमच्या आईची दृष्टी आता अधू झाली आहे. हातात सूप नसते, पण बोटे अजून मांडीवर बिडी वळल्यासारखी हलत असतात. परवा तिने विचारले, "बाबू, त्या देशात अजून वाचून दाखवतेत का रे, बिड्यावाल्यांना?"

दाखवतात, आम्ही म्हणालो.

"मग तू काहून थांबला? पुढचा देश काढ."

वहीचे नवे पान उघडले आहे. वर लिहिले आहे, मागील बाकी पाच.

जयभीम.